तुझ्या वाटणीचे लाडू

आई, गेल्या महिन्यात मी खोलीभर बायकांसमोर तुझ्याबद्दल बोलले. तू असतीस तर दाराजवळ, सगळ्यांच्या मागं बसली असतीस आणि घरी आल्यावर "चांगलं बोललीस की गं" एवढंच म्हणाली असतीस. ऐकताना तुला काय वाटलं ते तू कधीच सांगितलं नसतंस. म्हणून मी काय बोलले ते मीच तुला सांगायला बसले आहे, आणि दोन ओळी लिहून तीनदा उठले आहे.

मी काय काम करते हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझी दहावी नुकती झाली होती. पुढं मी बेळगावला राहून आहारशास्त्र शिकले. आपल्या घरातली पहिली पदवी. आप्पांनी तंबाखूच्या वखारीतल्या सगळ्या हमालांना पेढे वाटले आणि कुणी "पोरगी काय शिकली?" म्हणून विचारलं तर "जेवायचं कसं ते शिकलीया" असं सांगितलं. लोक हसले, आप्पाही हसले, मला मात्र राग आला होता. मला वाटायचं, जेवायचं कसं हे आपल्याकडच्या बायकांना कुणीच शिकवलेलं नाही, आणि ते शिकवणं हेच माझं आयुष्य. आता मी एका संस्थेत आहे. निपाणी-चिकोडीकडच्या गावांत जाते, गरोदर बायकांशी बोलते, काय खावं, गोळ्या का चुकवू नयेत हे समजावते.

त्या दिवशी निपाणीजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत सीमंत होतं. आता अंगणवाडीतच गरोदर बायकांची ओटी भरतात, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू, आणि मग कुणीतरी येऊन चार शब्द बोलतं. ते चार शब्द माझे होते, आईचा आहार आणि बाळाचा मेंदू यावर. मला काय बोलायचं होतं ते मला नीट माहीत होतं. गरोदरपणातली साखर, आईचं वजन, रक्तातलं लोह, फॉलिक अ‍ॅसिड, यांचा आणि मुलांतल्या ऑटिझमचा काही संबंध आहे का, हे शास्त्रज्ञ शोधत आहेत. कुठं कुठं थोडा संबंध दिसतो. पण संबंध दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे, आणि पुष्कळ आयांकडं बघून जे दिसतं ते एका आईच्या माथी मारता येत नाही. एवढं सांगायचं आणि मग पालेभाजी-उसळीकडं वळायचं असं ठरवून गेले होते. पण खोलीत बांगड्यांचा आवाज, पोरांची रडारड, कोण कुणाची भावजय याची चौकशी चाललेली. माझं कुणी ऐकत नव्हतं. मग मी म्हणाले, "माझा सख्खा भाऊ तसा आहे."

खोली गप्प झाली. आई, ती शांतता मला आवडली. मी पुढं बोलत गेले. म्हणाले, माझी आई विड्या वळायची, भाऊ पोटात असताना ती पोटभर जेवली नाही, भूक लागली की मिश्री लावायची आणि तंबाखूनं भूक मारायची. तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आज माझा भाऊ... आणि तिथं मी थांबले. पुढचं वाक्य मी बोललेच नाही, ते त्या बायकांनी आपापलं पुरं केलं. एक म्हातारी "च्च, काय बाई तरी" म्हणाली. दोघीतिघींनी डोळे पुसले. नंतर माझ्याबरोबर फोटो काढले.

आजीनं तुला ग्रहण पाळायला लावलं होतं, आठवतं? मला तो दिवस अजून दिसतो. मी सात-आठ वर्षांची आहे. तुझं पोट पुढं आलंय. आजीनं सकाळीच बजावलंय, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. पण संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या आहेत, आणि पानं कातरल्याशिवाय विडी वळणार कशी? तू दार ओढून घेतेस. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवतेस आणि कातर चालवायला लागतेस, हळू, आवाज होऊ नये म्हणून. मी तुझ्याजवळ बसून कातरण गोळा करते. बाहेर उजेड मळकट झालाय. तू एकदा पोटावर हात ठेवतेस, एकदा दाराकडं बघतेस, आणि पुढचं पान घेतेस. कातरण आपण चुलीत घातलं, तरी आजीला कळलंच. पुढं भाऊ तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोटात असताना कातर चालिवली हिनं. पोराची जीभच कापली." तू मान खाली घालून विड्या वळत राहायचीस. तुझा हात थांबल्याचं मला आठवत नाही.

ऑटिझम हा शब्द तू कधी ऐकला नाहीस. मला तो कॉलेजात भेटला. वर्गात बाई एकेक लक्षण सांगत होत्या आणि मला वाटत होतं, यांनी आमच्या घरी येऊन त्याला बघितलंय की काय. त्या सुट्टीत घरी आले ती थेट आजीसमोर जाऊन बसले. म्हणाले, "आजी, ग्रहणाचा आणि त्याचा काही संबंध नाही. ग्रहण म्हणजे नुसती सावली." आजी तेव्हा पार थकली होती, पण जीभ शाबूत होती. म्हणाली, "मग कशाचा हाय ते सांग की. शिकलीयास न्हवं?" ती वारली तरी तो प्रश्न माझ्या मागं राहिला, आणि त्याचं उत्तर शोधत शोधत मी तुझ्या ताटापाशी येऊन पोचले. आजीनं कातर दाखवली, मी मिश्री दाखवली. बोट दोघींचं तुझ्याकडंच.

आणि मी अर्धंच सांगितलं. तुझ्या गरोदरपणात अंगणवाडीतून तुला शेंगदाणे-गुळाचे लाडू मिळायचे. ते तिथंच बसून खायचे असा नियम होता. तू एक तोंडाला लावल्यासारखं करायचीस आणि पदराच्या टोकाला बांधून घरी आणायचीस. मला दाराआड बोलवायचीस. "खा लौकर. आजीला सांगू नको." मी उभ्या उभ्या खायची. तू माझ्या तोंडाकडं बघत राहायचीस आणि मग आपणहून म्हणायचीस, "मी तितंच खाल्लो." मी काही विचारलेलंच नसायचं. त्या लाडवांत काय काय असतं आणि पोटातल्या बाळाला ते कशासाठी लागतं हे पुढं मला परीक्षेत लिहावं लागलं. लिहिताना गुळाचा वास आला होता. भाषणात मी तुझी मिश्री सांगितली, तुझं रिकामं पोट सांगितलं. तुझ्या वाटणीचं कुणी खाल्लं ते सांगितलं नाही. सात वर्षांच्या पोरीचा त्यात काय दोष, असं कुणीही म्हणेल, मीही दुसऱ्या कुणाला हेच म्हणेन. पण मग तुझा तरी काय दोष होता? स्वतःला मी जी सूट दिली ती तुला दिली नाही, याची मला लाज वाटते.

आणखी एक आहे. मला दिवस गेलेत, आई. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण हे पत्रही मला सरळ लिहिता येत नाही. भाषणाच्या आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्तात साखर वाढली आहे. मी, जी मोजून-मापून खाते, चालते, गोळ्या वेळेवर घेते. मी म्हणाले, "पण मी सगळं नीट खाते हो." त्या म्हणाल्या, "खात असशील गं. शरीर प्रत्येक वेळी आपलं ऐकतंच असं नाही." म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला हे कळलेलं होतं. सगळं नेमानं करूनही बाईचं शरीर आपल्या वाटेनं जातं, हे माझ्या स्वतःच्या रक्तानं मला सांगितलं होतं. मी घाबरले होते. ती भीती कुठंतरी ठेवायची होती. तू समोर नव्हतीस, उलट बोलणार नव्हतीस, म्हणून तुझ्यावर ठेवली.

पण गोष्ट तुझ्यापाशीच थांबली असती तर हे पत्र मी कदाचित लिहिलंच नसतं. परवा अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. "म्याडम, तुमच्या भाषणावरनं एका घरात रामायण झालंय. सुनेला म्हायेरी घालवाय निघाल्यात." ती मुलगी मला आठवली. त्या दिवशी पुढंच बसली होती, सासूच्या शेजारी. दुसऱ्यांदा गरोदर. पहिला मुलगा पाच वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे असं बेळगावच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "सासू म्हणतीया, पयल्या पोराचं हिनंच वाटोळं केलं, आता दुसऱ्याचं करंल. म्हायेरी जाऊ दे, बाळ नीट बोलाय लागलं तरच या म्हणावं." मी फोन ठेवला आणि काही न खाता तशीच निघाले.

दारात तो मुलगा बसला होता, डब्याचं झाकण फरशीवर गरागरा फिरवत. झाकण थांबलं की पुन्हा फिरवायचा. आत कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. सून भिंतीला टेकून खाली बसलेली, रडून डोळे सुजलेले. तिचा नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून उंबऱ्यात उभा. सासूबाई मला बघून उठल्याच. "या म्याडम, बरं झालं आलासा. आता ह्या आमच्या राणीसाहेबास्नी तोंडावर सांगा. पयल्या येळंला हिला साखर झाल्ती. डाक्टर म्हणालं गोड बंद. तर हिनं म्हायेरात जाऊन शिरा हाणला."

"एक वाटी खाल्लो हो, आत्या," सून म्हणाली.

"वाटी असू दे न्हायतर परात. खाल्लास का न्हाय?"

मी म्हणाले, "आजी, शिऱ्यानं असं होत नाही. त्या दिवशी मी चुकीचं बोलले."

"काय चुकीचं? तुमच्या भावाचं सांगितलासा की. आईच्या खाण्यानं झालं म्हणून."

"तसं कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. तरी मी बोलले."

"म्हंजे एवढ्या बायकांत लबाड बोललासा व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या एक पाऊल माझ्याजवळ आल्या. मग जरा खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "असं कसं? तुमच्या आईनं कायतरी केलंच असंल की."

"माझ्या आईनं काही केलं नव्हतं."

आई, हे वाक्य मी त्यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. आजीसमोर ग्रहणाबद्दल बोलले, सावलीबद्दल बोलले, शास्त्राबद्दल बोलले. पण तू काही केलं नाहीस, एवढं साधं मी तिलाही सांगितलं नव्हतं. तू तेव्हा नव्हतीस, आणि असतीस तरी मी सांगितलं असतं की नाही कोण जाणे.

"मग कुणी केलं?" सासूबाई म्हणाल्या. अगदी आजीचाच प्रश्न. आणि मला उत्तर सुचलं, ते तुला सांगते. माझ्या जिभेवर आलं होतं, 'सुनेचं ताट वाढायचं कोण?' एवढं विचारलं असतं तर त्या गप्प झाल्या असत्या, सून वाचली असती, आणि मला न्याय केल्यासारखं वाटलं असतं. तेवढ्यात त्याच खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "मीच म्हणत हुतो हिला," त्या म्हणाल्या, "लई खाऊ नको, पोर मोठं झालं तर पोट कापाय लागतंय. आमी बी तसंच केलो, आमच्या सासूनं बी तसंच केलं. आठव्या म्हैन्यापास्नं अर्धीच भाकरी वाढत हुतो." झाकण फरशीवर थांबलं, पुन्हा फिरलं. "म्याडम, त्येनं तर झालं न्हवं?"

म्हणजे त्या दिवसापासून हे घेऊन बसल्या होत्या त्या. माझं भाषण ऐकून घरी गेल्या आणि स्वतःवर येणारं ओझं सुनेच्या डोक्यावर ठेवलं. मी तुझ्या डोक्यावर ठेवलं तसंच. मला त्यांच्यावर रागवायला तोंड राहिलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि अंगणवाडीत जे सांगायला हवं होतं ते सगळं सावकाश सांगितलं. साखर असून, अंगात रक्त कमी असून चांगली बडबडी पोरं होतात. सगळं ठीक असून अशीही होतात. कशानं होतं हे अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही. बरंचसं आईबापांकडूनच रक्तातून आलेलं असतं, ते कुणी मुद्दाम देत नाही.

"म्हंजे आमच्या पोराकडनं बी आलं असंल म्हणा की," सासूबाई आपल्या मुलाकडं बघत म्हणाल्या.

नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मी काय केलो आता?"

सून तोंडावर पदर धरून हसली. रडता रडताच हसली. सासूबाईही हसल्या. "मग खाण्याचं एवढं कशाला सांगत फिरतासा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तिच्या अंगात बळ राहावं म्हणून. ती नीट राहावी म्हणून. तिच्यावर आरोप ठेवायला नव्हे." हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, ते मला कळेना. त्या म्हणाल्या, "मग आता हिला काय घालू? ते तरी सांगा." मी सांगितलं. साखर तपासायला कधी न्यायचं तेही सांगितलं. पिशवी कुणी उचलून आत ठेवली नाही, ती तिथंच होती. पण त्यांनी ताट वाढून आणलं, पूर्ण भाकरी, वर उसळ, आणि सुनेपुढं ठेवलं. "जेव आदी. जायाचं काय ते मागनं बघू." आणि मला म्हणाल्या, "तुमी बी बसा, म्याडम."

"नको, मी जेवून आलोय," मी म्हणाले. ते खोटं होतं. आणि तोंडातून 'आलेय'ऐवजी आपल्याकडच्या बायकांचं 'आलोय'च आलं, तुझ्यासारखं.

तिथून निपाणीला आप्पांच्या घरी गेले. भाऊ पायरीवर बसला होता. एकवीस वर्षांचा झालाय, आप्पांपेक्षा उंच. त्याचं स्वतःचं बोलणं अजून थोडंच आहे, पण दुसऱ्यांचं त्याच्याकडं बरंच साठलेलं असतं. बसस्टँडवरच्या कंडक्टरचं "कागल, कोल्हापूर, कोल्हापूर" हुबेहूब म्हणतो. लहानपणी एकदा त्यानं भरलेली घागर लवंडली आणि मी त्याला चिमटा काढून "का केलंस, का केलंस?" म्हणून ओरडत होते, तेव्हा तू माझा हात धरला होतास. तुला एवढं चिडलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही. "त्येला का म्हणून इचारू नको. भूक लागलीया काय, तेवढं इचार." इतकी वर्षं 'का' हेच विचारत राहिले, आई. पदवी घेतली ती त्यासाठीच.

मी चपला काढत होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "जेवलीस काय गं?"

तुझा आवाज. शेवटचा 'गं' जरा वर उचलून, तू चुलीपुढून विचारायचीस तसा. तुझा आवाज कुठं साठवून ठेवलेला नाही, तेव्हा आपल्याकडं साधा फोनही नव्हता. तो आता फक्त त्याच्या गळ्यात आहे. मी म्हणाले, "व्हय, जेवलो." त्यानं पुन्हा विचारलं, "जेवलीस काय गं?" तू एकदाच विचारायचीस आणि मी सांगेन ते खरं मानायचीस. तो तसं मानत नाही, विचारतच राहतो. मग मी "न्हाय" म्हणाले आणि आत जाऊन डब्यातली भाकरी घेऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

वाटलं होतं, हे पत्र पुढच्या सीमंताला त्याच अंगणवाडीत वाचून दाखवावं. जाणार आहे, आणि चुकलं ते चुकलं म्हणून सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण हे वाचणार नाही. तुझ्याबद्दल चारचौघींत मी एकदा बोलले तेवढं पुरे. हे घडी करून माझ्या कपड्यांत ठेवून देईन. एवढंच लिहायचं राहिलंय. त्या पायरीवर बसून मी खूप आठवून बघितलं. जेवलीस काय, हा प्रश्न तू रोज सगळ्यांना विचारायचीस, मला, त्याला, आप्पांना, आजीलासुद्धा. मी तुला तो एकदा तरी विचारला होता, असं मला आठवलं नाही.